घरांतील जुना संगीत-संगणक बदलतांना

ज्या घरांत गाण्याची आवड आहे अशा पुष्कळ घरांतून आज एक जुना संगणक कोपऱ्यांत बसलेला दिसतो. लेखनाचें, हिशेबाचें अगर चित्रें पाहण्याचें त्याचें काम केव्हांच संपलेलें असतें. आतां त्याच्याकडे एकच चाकरी उरलेली असते. ती ही कीं, घरांतील सर्व गाणीं आपल्या पोटांत सांठवून ठेवावीं, आणि दिवाणखान्यांत, स्वयंपाकघरांत किंवा माडीवर जो जें मागेल तें त्यास पोंचवावें. अशा यंत्रास इंग्रजींत 'सर्व्हर' म्हणतात. ह्या शब्दाचा सरळ मराठी अर्थ 'वाढपी' असा होईल. पंक्तींतला वाढपी स्वतः जेवत नाहीं. कोणाच्या पानावर काय पाहिजे तें पाहून तो वाढीत जातो. हें यंत्रही स्वतः वाजत नाहीं. गाणें वाजतें तें भिंतीजवळच्या स्पीकरमधून किंवा हातांतल्या मोबाईलमधून. यंत्र फक्त घरांतील वायफायच्या वाटेनें गाण्याचे आंकडे तिकडे पाठवीत असतें.

आमच्या लोणी काळभोर गांवांत असलीं यंत्रें निदान पांच-सहा घरांत आम्हांस ठाऊक आहेत. आमच्या स्वतःच्या घरींही सन २०१० मध्यें घेतलेला एक संगणक गेलीं कित्येक वर्षें हेंच काम करीत होता, व तो नुकताच आम्हीं बदलला. तेव्हांपासून आमचे जुने विद्यार्थी व शेजारी आम्हांस विचारतात कीं, "सर, नवा कोणता घेतलात?" ह्या प्रश्नाचें उत्तर आम्ही पुढें देणारच आहों, परंतु आमच्या मतें तो प्रश्न शेवटचा आहे. पहिला प्रश्न असा कीं, जुन्याच्या पोटांत काय आहे, आणि तो जिवंत आहे तोंवर तें बाहेर कसें काढावयाचें?

संगणक म्हातारा होतो म्हणजे नक्की काय होतें, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. त्यांतील गणित करणारी चिप सहसा बिघडत नाहीं. बिघडतात त्या हालणाऱ्या व तापणाऱ्या वस्तु. गाणीं ज्या हार्ड डिस्कवर असतात तिच्यांतील चकचकीत तबकडी बहुधा मिनिटास ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास १२०. आणि तिजवरील मजकूर वाचणारें टोंक तबकडीस न टेकतां केंसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी उंचीवर तरंगत असतें. असें यंत्र दहा-बारा वर्षें अहोरात्र चालतें हेंच आश्चर्य. दुसरी वस्तु पंखा. सोलापूर रस्त्याच्या कडेस राहणारांस धुळीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. ती पंख्याच्या पात्यांवर व तापनिवारक पत्र्यांत नमद्यासारखी बसते, वारा खेळत नाहीं, आणि आंतील उष्णता वाढते. तिसरी वस्तु म्हणजे वीज सांठविणारे व सारखी करणारे वाटोळे कपॅसिटर. त्यांच्या पोटांत एक द्रव असतो, तो उष्णतेनें हळूहळू सुकतो. सामान्य हिशेब असा कीं, उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं त्यांचें आयुष्य निम्म्यावर येतें. वैशाखांत आमच्याकडे बाहेरचा पारा चाळिशीस टेंकतो, तेव्हां बंद पेटीच्या आंत काय असेल त्याची कल्पना करावी. त्यांत वळवाच्या पावसाबरोबर विजेचे लपंडाव सुरू झाले कीं ह्या सर्वांवर एकदमच आघात होतो.

मरणाच्या खुणा बहुधा आधीं दिसतात. डिस्कमधून खट्‌ खट्‌ असा आवाज येऊं लागतो. पूर्वी क्षणांत उघडणारी गाण्याची यादी उघडावयास मिनिट लागतें. संगणक सुरू केल्यावर त्याचें घड्याळ कित्येक वर्षें मागें गेलेलें आढळतें. ह्या शेवटच्या खुणेचें मात्र भय नको. आंतील नाण्याएवढी बॅटरी संपली एवढाच तिचा अर्थ, व ती थोड्या पैशांत बदलतां येते. परंतु पहिली खूण ऐकूं आली कीं त्या दिवशीं दुसरें कांहीं करूं नये. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची एक नोंदवही ठेवीत असते. तिला 'स्मार्ट' असें नांव आहे. ती वाचून दाखविणारे प्रोग्राम फुकट मिळतात. निकामी ठरवून बाजूस टाकलेल्या जागांचा आंकडा तींत दिलेला असतो. तो शून्य असेल तर उत्तम. तो दर आठवड्यास वाढत असेल तर डिस्क चालली असें समजावें. उलट, यंत्राचें वय हें एकट्यानें कारण नव्हे. विंडोज १० ह्या व्यवस्थेची सर्वसाधारण देखभाल ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद झाली, व सन २०१८ च्या आधींचे बहुतेक संगणक पुढच्या विंडोज ११ साठीं अधिकृतपणें चालत नाहींत, म्हणून अनेकांनीं धडधाकट यंत्रें मोडींत काढलीं. त्यांवर लिनक्स घालून तीं आणखी कांहीं वर्षें वाढप्याचें काम खुशाल करूं शकलीं असतीं.

आतां पोटांतील ठेव्याकडे वळूं. कोणत्याही घरच्या संग्रहाचे आम्ही तीन वांटे करितों. पहिला वांटा बाजारांत पुन्हां मिळण्याजोग्या गाण्यांचा. हा गेला तर पैसे जातात, गाणें जात नाहीं. दुसरा वांटा मिळण्यास कठीण अशांचा: बंद पडलेल्या कंपन्यांच्या कॅसेटी, जुन्या लाखेच्या तबकड्यांवरून उतरून घेतलेलीं पदें, रेडिओवरून टिपलेलीं भाषणें. ह्या वांट्याविषयीं आस्था असणारीं माणसें आपल्याकडे आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. मुंबईंत सन १९९० मध्यें सुरू झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ह्या संस्थेनें जुन्या तबकड्यांचा शोध व नोंद ह्यांचें मोठेंच काम केलें आहे. तिसरा वांटा त्या आवाजांचा, जे जगांत दुसरीकडे कोठेंच नाहींत. आमच्या संग्रहांत सन १९८७ च्या नाताळांत आमच्या मंडळीच्या गायनवृंदानें म्हटलेलीं भजनें आहेत. गाणारांपैकीं निम्मे आतां ह्या जगांत नाहींत. हीं भजनें कोणत्याही कंपनीनें विकलेलीं नाहींत, व महिन्याची वर्गणी घेऊन गाणीं ऐकविणाऱ्या कोणत्याही सेवेवर तीं सांपडावयाचीं नाहींत. शिवाय असल्या सेवांचाही भरंवसा किती धरावा? गूगलसारख्या धनाढ्य कंपनीनें आपली 'प्ले म्युझिक' ही सेवा सन २०२० मध्यें बंद केली, व लोकांस आपापलीं गाणीं उचलून दुसरीकडे जावें लागलें.

तिसऱ्या वांट्याचें महत्त्व कळावें म्हणून आमच्या ओळखीच्या एका घरांतली हकीकत सांगतों. त्यांच्या आजीच्या आवाजांतील पाळणे व ओव्या एका कॅसेटवर होत्या. त्या त्यांनीं संगणकांत उतरून घेतल्या, व पुढें ती कॅसेट बुरशीनें गेली. एके दिवशीं संगणक सुरू होईना, म्हणून तो दुरुस्तीस दिला. दुरुस्ती करणारानें आपल्या रिवाजाप्रमाणें डिस्क पुसली, नवी व्यवस्था घातली, आणि दोन दिवसांनीं संगणक परत केला. संगणक उत्तम चालूं लागला. आजी मात्र पुन्हां ऐकूं आली नाहीं. त्या कारागिरास दोष देणें कठीण आहे. आंत काय आहे हें त्यास कोणीं सांगितलें नव्हतें, आणि बाहेरून पाहतां आजीची ओवी व सिनेमाचें गाणें हीं दोन्ही सारखींच दिसतात.

सबब, यंत्र उघडण्यापूर्वीं, नवें घेण्यापूर्वीं, दुरुस्तीचा विचारही करण्यापूर्वीं नक्कल करावी. किती जागा लागेल त्याचा हिशेब आमच्या विद्यार्थ्यांस सहज करतां येईल. सीडीवर आवाजाचे सेकंदास ४४,१०० नमुने घेतलेले असतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावी व उजवी अशा दोन बाजू. ह्यांचा गुणाकार १४,११,२०० बिट. आठांनीं भागिलें तर सेकंदास १,७६,४०० बाइट, म्हणजे तासास सुमारें ६३५ मेगाबाइट. 'फ्लॅक' नांवाची एक घडी घालण्याची रीत आहे. ती सन २००१ पासून प्रचारांत आहे. एकही आंकडा न गमावतां ती हाच माल सुमारें निम्म्या जागेंत बसविते. तेव्हां तासास ३५० मेगाबाइट धरले, व घरीं ७०० तासांचें संगीत आहे असें मानिलें, तर २४५ जिगाबाइट झाले. आज बाजारांत मिळणारी एक हजार जिगाबाइटची साधी डिस्क ह्याच्या चौपट मोठी आहे. 'एमपी-थ्री' ची घडी ह्याहून पुष्कळच लहान. सेकंदास १२८ हजार बिटांची असेल तर तासाला अवघे ५८ मेगाबाइट. पण ती घडी घालतांना आवाजाचा कांहीं भाग कायमचा टाकून दिला जातो. तो पुन्हां मिळत नाहीं. जुन्या एमपी-थ्री गाण्यांस कांहीं जण आतां फ्लॅकमध्यें बदलून घेतात, त्यानें जागा मात्र वाढते, आवाज सुधारत नाहीं. पाणी घातलेलें दूध मोठ्या भांड्यांत ओतलें म्हणून घट्ट होत नाहीं.

नक्कल करण्यास यूएसबीच्या जुन्या जोडणीनें सेकंदास तीस मेगाबाइट धरिले तर २४५ जिगाबाइटांस सव्वादोन तास पुरेत. घरच्या जुन्या शंभर मेगाबिटच्या जाळ्यावरून पाठविलें तर सहा तास. रात्रीं लावून झोपावें. मात्र 'नक्कल पूर्ण झाली' असें यंत्रानें म्हटलें एवढ्यावर संतुष्ट होऊं नये. प्रत्येक फाइलीच्या सर्व आंकड्यांवरून एक लांब संख्या काढण्याची युक्ति आहे. तिला 'चेकसम' म्हणतात. फाइलींत एक बिट जरी बदलला तरी ही संख्या पार निराळी येते. जुन्या डिस्कवरील व नव्या डिस्कवरील संख्या जुळल्या म्हणजे नक्कल खरी. फ्लॅकच्या फाइलींत तर मूळ आवाजाची अशी खूण आंतच नोंदलेली असते, त्यामुळें ती फाइल एकटीही तपासतां येते. आमच्या हजारों फाइलींत चार फाइली जुळल्या नाहींत. त्या दुसऱ्यांदा वाचतांना नीट आल्या. जुळवून पाहिलें नसतें तर त्या चार गाण्यांत मध्येंच चर्रर्र असा आवाज कोणत्या वर्षीं कोणास आढळला असता कोण जाणे.

एवढें झालें तरी काम अर्धेंच झालें. आवाज वांचला, पण त्याचें नांव वांचलें काय? ह्या बाबतींत आमच्या पुणें जिल्ह्यांतलेंच एक थोर उदाहरण आहे. हेमा राईरकर व गी पॉयतवें ह्या दोघांनीं पुण्यांत राहून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील बायकांच्या जात्यावरील ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. बर्नार्ड बेल ह्या संगणकाच्या जाणकारानें त्यांची संगणकावर नोंद करण्याची व्यवस्था लाविली व पुष्कळ ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. राईरकर व पॉयतवें आज हयात नाहींत; परंतु सन २०१७ पासून 'पारी' ह्या नांवानें ओळखला जाणारा ग्रामीण भारताचा लोकसंग्रह त्या ओव्या जगापुढें मांडीत आहे. हें कशानें शक्य झालें? आवाज एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेण्यास माणसें होतीं हें एक. आणि ओवीबरोबर ती गाणारीचें नांव व गांव लिहून ठेविलेलें होतें हें दुसरें. नांवगांव नसलेल्या लाखभर ओव्या म्हणजे नुसता आवाजाचा ढीग झाला असता.

घरच्या संग्रहांतही हीच गोष्ट आहे, आणि मराठी घरांत ती विशेष अवघड आहे. इंग्रजी गाण्यांची सीडी संगणकांत घातली तर तिचीं नांवें इंटरनेटवरील सूचींतून आपोआप येऊन बसतात. मराठी सीडीचीं नांवें बहुधा येत नाहींत. आलीं तरी रोमन लिपींत, तींही दर वेळीं निराळ्या स्पेलिंगांत. म्हणून हें काम हातानेंच करावें लागतें. आमच्या संग्रहांत जी मेहनत आहे ती ह्या नांवांत आहे, गाण्यांत नव्हे. आणि नेमकीं हींच नांवें संगणक बदलतांना मोडतात.

त्याचें कारण असें. सन १९९१ पासून युनिकोड नांवाच्या जागतिक वर्णमालेंत देवनागरीस स्वतःचीं स्थानें मिळालीं आहेत. परंतु पुढेंही पंधरा-वीस वर्षें आपल्याकडील पुष्कळ लोक जुन्या पद्धतीच्या फॉन्टनें मराठी लिहीत असत. त्या पद्धतींत संगणकाच्या मनांत अक्षर रोमनच असे; फक्त त्यावर देवनागरीचा मुखवटा चढविलेला असे. नव्या यंत्रावर तो फॉन्ट नसला कीं मुखवटा गळून पडतो, आणि 'नाट्यसंगीत' असें जेथें होतें तेथें रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थशून्य काला दिसतो. अशीं नांवें जुन्या यंत्रावरच, तो फॉन्ट चालू असतांनाच, युनिकोडमध्यें बदलून घ्यावींत. त्याकरितां परिवर्तक प्रोग्राम आहेत. त्यांच्या कामावरून शेवटीं एकदां डोळे फिरवावे लागतात, कारण जोडाक्षरांत ते अडखळतात.

युनिकोडमध्यें लिहिलेल्या नांवांतही एक गंमत आहे, ती आमच्या मराठीच्या शिक्षकबंधूंस आवडेल. 'वाऱ्यावर' ह्या शब्दांतील अर्धा र दोन रीतींनीं लिहितां येतो: एका रीतीत त्यासाठीं स्वतंत्र ठेवलेलें 'ऱ' हें अक्षर वापरतात, दुसरींत साध्या 'र' ला हलन्त करून एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. डोळ्यांस दोन्ही एकच; संगणकास दोन निराळे शब्द. त्यामुळें कांहीं प्रोग्रामांत शोधलेलें गाणें समोर असून सांपडत नाहीं. 'भीमसेन' व 'भिमसेन' हीं तर उघडच दोन माणसें होऊन बसतात. आम्हीं ह्यासाठीं एक कोरी वही केली, तींत प्रत्येक गायकाचें नांव एकदांच, एकाच शुद्धलेखनानें लिहिलें, व सर्वत्र तेंच चालविलें. दोन उन्हाळी सुट्या त्यांत गेल्या.

क्रमांकांकडेही लक्ष द्यावें. गदिमांचें व सुधीर फडक्यांचें गीतरामायण घ्या. ता. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणें आकाशवाणीवरून त्याचीं छप्पन्न गीतें एकामागून एक प्रसृत झालीं. हीं गीतें अकारविल्ह्यानें लाविलीं तर कथेचा पुरता विस्कोट होतो. क्रमांक दिले, पण १, २, ३ असे दिले, तर कित्येक जुने प्रोग्राम १ नंतर १०, ११ घेतात व २ चा आंकडा पुष्कळ पुढें येतो. ०१, ०२ असे दोन आंकडी द्यावेत म्हणजे तंटा मिटतो. नाटकांतल्या पदांची अडचण निराळी. सन १९११ च्या 'मानापमाना'तील पद कोणाच्या नांवावर घालावें? पद्यें खाडिलकरांचीं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आवाज बालगंधर्वांचा. पाश्चात्य प्रोग्रामांत 'आर्टिस्ट' म्हणून एकच रकाना ठळक असतो. परंतु शोधलें तर 'कंपोझर' व 'लिरिसिस्ट' हेही असतात, आणि राग व ताल ह्यांसाठीं आपला नवा रकाना घालतां येतो. तो अवश्य घालावा. सायंकाळीं 'पूरिया' असें लिहून घरांतल्या सर्व पूरिया एकत्र मिळणें ही चैन दुसऱ्या कोणत्याही साधनानें इतक्या सहज मिळणारी नाहीं.

जुन्या यंत्राकडून आणखी एक शेवटची सेवा करून घ्यावयाची असते. त्याच्या मागें निळ्या रंगाचें एक छिद्र असतें, त्यांतून कॅसेटच्या यंत्रातला आवाज आंत घेतां येतो. आणि त्याच्या तोंडाशीं सीडीचा खण असतो. नव्या लहान संगणकांत बहुधा ह्यांपैकीं एकही सांपडत नाहीं. म्हणून कपाटांत राहिलेल्या कॅसेटी व सीड्या असतील त्या आधींच उतरून घ्याव्या. कॅसेटीस आडवाट नाहीं. तासाच्या कॅसेटीस तास लागतो. आवाजाची पातळी थोडी खालींच ठेवावी. कमी आलेला आवाज मागाहून वाढवितां येतो, फाटलेला आवाज शिवतां येत नाहीं.

आतां नव्या यंत्राविषयीं. येथें आमचें मत पुष्कळांस रुचत नाहीं. वाढप्यानें सोन्याची पळी घेतली म्हणून आमटीची चव बदलत नाहीं. त्याचप्रमाणें फाइल पोंचविणारा संगणक महाग असला म्हणून गाणें गोड लागत नाहीं. गोडी ठरते ती आंकड्यांचें पुन्हां ध्वनींत रूपांतर करणाऱ्या यंत्रावर, अॅम्प्लिफायरवर, आणि सर्वांत अधिक स्पीकरवर व तो ठेवलेल्या खोलीवर. तेव्हां संगणकावर कमी खर्च करावा व उरलेला पैसा तिकडे घालावा.

आम्ही निवडलें तें रास्पबेरी पाय नांवाचें, पत्त्याच्या कॅटाएवढें यंत्र. इंग्लंडांत शाळकरी मुलांस प्रोग्राम लिहिण्याची गोडी लागावी म्हणून एका धर्मादाय संस्थेनें तें तयार केलें, व ता. २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं तें प्रथम विक्रीस आलें. त्यास पंखा लागत नाहीं, आवाज नाहीं, आणि साध्या कामास सुमारें पांच वॅट वीज पुरते. आमचा जुना संगणक सत्तर वॅट घेई. अहोरात्र चालविल्यास सत्तर वॅटांचे वर्षाला ६१३ युनिट होतात; पांच वॅटांचे ४४. युनिटास आठ रुपये धरिले तर वर्षास साडेचार हजारांहून अधिक वांचतात, म्हणजे नव्या यंत्राची किंमत विजेच्या बिलांतूनच फिटत जाते. ज्यांस ह्या उघड्या पाटीची धास्ती वाटते त्यांनीं कचेऱ्यांतून निघालेला वापरलेला 'मिनी पीसी' घ्यावा. तो सुमारें आठ-दहा वॅटांवर भागवितो व अधिक दणकट असतो. तारा, जोडण्या, डबी वगैरे किरकोळ सामान पुण्यांत तपकीर गल्लींत हिंडलें कीं मिळतें.

रास्पबेरीच्या दोन खोडी मात्र ध्यानांत ठेवाव्या. तिची व्यवस्था नखाएवढ्या एका कार्डावर असते, आणि लिहितांना वीज गेली तर तें कार्ड बिघडतें. म्हणून गाणीं त्या कार्डावर मुळींच ठेवूं नयेत. तीं निराळ्या डिस्कवर असावींत. दुसरी खोड अशी कीं, ह्या यंत्राच्या चौथ्या आवृत्तींत यूएसबीच्या सर्व छिद्रांतून मिळून १.२ अँपिअरच वीज मिळते; फिरती डिस्क सुरू होतांना एकटीच जवळजवळ एक अँपिअर ओढते. तेव्हां स्वतःची वीज घेणारी डिस्क वापरावी. राउटर व हें यंत्र मिळून एक लहान यूपीएस लाविला म्हणजे वळवाच्या दिवसांतही निर्धास्तपणें झोंप येते.

वाढप्याचा प्रोग्राम कोणता घालावा? आम्ही ज्याचा मूलग्रंथ सर्वांस खुला आहे असाच घेतों, व त्याचें कारण एका गोष्टीवरून कळेल. अमेरिकेंत स्लिम डिव्हायसेस नांवाच्या छोट्या कंपनीनें घरांत गाणीं पोंचविणारा एक प्रोग्राम केला व त्याबरोबर वाजविणारीं यंत्रें विकलीं. सन २००६ मध्यें ती कंपनी लॉजिटेकनें विकत घेतली; सन २०१२ मध्यें लॉजिटेकनें तीं यंत्रें बंद केलीं; सन २०२४ मध्यें त्यांचें इंटरनेटवरचें ठाणेंही मिटलें. परंतु प्रोग्राम खुला असल्यामुळें हौशी लोकांनींच तो पुढें चालविला, आणि आज तो 'लिरियन' ह्या नांवानें उत्तम चालू आहे. आमच्या घरीं हाच आहे. जेलीफिन व नॅव्हिड्रोम हे दुसरेही चांगले आहेत. निवडतांना एकच परीक्षा घ्यावी: विलंबित ख्याल संपून द्रुत सुरू होतो त्या सांध्यावर प्रोग्राम क्षणभर गप्प बसतो काय? बसत असेल तर तो आपल्या उपयोगाचा नाहीं. हा सांधा फ्लॅकमध्यें बेमालूम साधतो. एमपी-थ्रीमध्यें फाइलीच्या दोन्ही टोंकांस शांततेचा बारीक तुकडा चिकटलेला असतो, तो कापण्याची अक्कल प्रोग्रामाला असावी लागते.

आमच्या घरीं आतां तीन प्रती आहेत. एक नव्या यंत्राशीं जोडलेली; दुसरी कपाटांत, जी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं बाहेर निघते; तिसरी घोरपडींत राहणाऱ्या आमच्या भावाच्या घरीं, कारण चोर किंवा आग आली तर ती एकाच घरीं येते. एका यंत्रांत दोन डिस्का घालून दोहोंवर एकदम लिहिण्याची जी सोय मिळते तिला लोक प्रत म्हणतात. ती प्रत नव्हे. चुकून एक गाणें पुसलें तर तें दोन्ही ठिकाणांहून एकाच क्षणीं पुसलें जातें.

जुना संगणक लगेच बाहेर काढूं नये. आमचा एक महिना तसाच राहिला, व त्या महिन्यांत न सांपडलेल्या दोन कप्प्यांची आठवण घरांतल्या मंडळींस झाली. त्यानंतर त्याची डिस्क आम्हीं काढून घेतली. ज्यांस ती विकावयाची असेल त्यांनीं ती पूर्ण पुसून द्यावी. नुसतें 'डिलीट' केल्यानें कांहीं पुसलें जात नाहीं. उरलेली पेटी भंगारवाल्यास न देतां ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रास द्यावी, असा सन २०२२ च्या नियमांचा रोख आहे. आमची पेटी तूर्त शाळेच्या प्रयोगशाळेंत आहे. नववीचीं मुलें ती स्क्रूड्रायव्हर घेऊन उघडणार आहेत. वीजपुरवठ्याचा पत्र्याचा डबा मात्र आम्हीं आधींच काढून ठेविला आहे, कारण त्यांतील कपॅसिटरांत तार काढल्यानंतरही कांहीं काळ जोराचा झटका देण्याइतकी वीज शिल्लक असूं शकते.